दुमजली घर: जिना, पाणी, आवाज आणि ऊन यांची पारख

दुमजली घर बघायला जाल तेव्हा दिवाणखाना आणि दर्शनी बाजू नंतर बघा. आधी जिना मोजा, मग वरच्या बाथरूमच्या बरोबर खाली काय आहे ते पाहा, आणि खालच्या मजल्यावर झोपायची एक खोली व पूर्ण बाथरूम आहे का ते विचारा. या तीन गोष्टी जमलेल्या असतील तर असं घर बैठ्या घरापेक्षा अधिक सुखाचं होतं. एखादी चुकली असेल तर पुढे दुरुस्ती अवघड जाते, कारण तिन्ही गोष्टी घराच्या सांगाड्यातच बसलेल्या असतात.

पहिला फायदा जमिनीचा. १५०० चौरस फुटांचं बैठं घर ३० बाय ५० फुटांचं धरा. तेच घर २५ बाय ३० फुटांच्या दोन मजल्यांत बसवलं की ७५० चौरस फूट जमीन मोकळी राहते, आणि पाया व छप्पर दोन्हींचं क्षेत्रफळ निम्म्यावर येतं. यावरून दुमजली म्हणजे स्वस्त असा निष्कर्ष बरेच जण काढतात. तो सरसकट खरा नाही. बैठ्या घराचा घेर १६० फूट; १० फूट उंचीला बाहेरची भिंत १६०० चौरस फूट. दुमजलीचा घेर ११० फूटच, पण उंची २० फूट, म्हणजे भिंत २२०० चौरस फूट. शिवाय मधला स्लॅब, पायावर वाढलेला भार, वरच्या कामाला परांची. जिना दोन्ही मजल्यांवर मिळून साधारण १०० चौरस फूट खातो, म्हणजे कागदावरचे १५०० वापरायला १४०० उरतात. प्लॉट लहान असेल तर हा व्यवहार नक्की फायद्याचा. जमीन भरपूर असेल तर केवळ बचतीसाठी मजला चढवू नये.

दुसरा फायदा राहायला गेल्यावर जाणवतो: दिवसाचं घर खाली आणि रात्रीचं वर. पाहुणे खाली बसलेले असताना वर कुणी झोपू शकतं, अभ्यास करू शकतं. वरच्या खोल्यांच्या आतलं रस्त्यावरून दिसत नाही, त्यामुळे पडदे उघडे ठेवता येतात आणि वारा-उजेड मोकळा येतो.

आता जिना. घराची खरी परीक्षा इथे होते.

एका मजल्याच्या फरशीपासून दुसऱ्या मजल्याच्या फरशीपर्यंत ३ मीटर धरले तर १८ राइझर (पायरीची उभी उंची), प्रत्येक सुमारे १६७ मि.मी. ट्रेड (पाऊल ठेवायची आडवी जागा) नेहमी एकाने कमी, म्हणजे १७. ट्रेड २८० मि.मी. ठेवला तर सरळ जिन्याला जवळपास पावणेपाच मीटर लांबी लागते. जुना नियम असा की दोन राइझर आणि एक ट्रेड यांची बेरीज ६०० ते ६४० मि.मी. यावी, इथे ती ६१४ येते. पण नुसत्या बेरजेवर विसंबू नका. जागा वाचवण्यासाठी २०० मि.मी. राइझर आणि २३० मि.मी. ट्रेड घेतला तरी बेरीज ६३० येते, आणि जिना मात्र ४१ अंशांचा होतो. उतरताना पाऊल पायरीवर पूर्ण मावत नाही, ते तिरकं ठेवावं लागतं. राइझर १७५ च्या वर आणि ट्रेड २५० च्या खाली असेल तर असा जिना रोज दहा वेळा चढण्या-उतरण्याचा नाही.

सगळ्यांत जास्त आढळणारी चूक पहिल्या आणि शेवटच्या पायरीत असते. काँक्रीट ओतताना सगळे राइझर सारखे काढतात. नंतर खोल्यांत फरशी आणि तिच्याखालचा थर मिळून ५० मि.मी. चढतो, पायऱ्यांवर मात्र ३०. त्यामुळे खालची पहिली पायरी २० मि.मी.ने बुटकी होते आणि वरची शेवटची २० मि.मी.ने उंच. दोन-तीन पायऱ्यांत पायाला उंचीची सवय होते आणि पुढे माणूस न बघता चालतो, म्हणून लोक नेमके वर पोहोचताना अडखळतात. प्रत्येक पायरीला टेप लावून बघा. फरक ५ मि.मी.च्या आत हवा. बांधकाम चालू असेल तर काँक्रीटमध्येच पहिला राइझर २० ने वाढवून आणि शेवटचा २० ने कमी करून घ्या.

कठडा ९०० मि.मी. उंच, हाताच्या मुठीत मावेल असा. उभ्या गजांमधलं अंतर १०० मि.मी.पेक्षा कमी. आडवे गज दिसायला छान, पण लहान मुलं त्यांचीच शिडी करतात. रांगतं मूल असेल तर जिन्याच्या वरच्या टोकाला स्क्रूने पक्कं बसवलेलंच गेट लावा. दाबावर अडकणाऱ्या गेटला तळाशी आडवी पट्टी असते, तिला पाय अडतो, आणि धक्क्याने ते निसटूही शकतं. डोक्यावर किमान २ मीटर मोकळी उंची, दिव्याला दोन्ही टोकांना टू-वे स्विच. वळणावर तिकोनी पायऱ्यांऐवजी सपाट लँडिंग असेल तर उत्तम. पायऱ्यांची मोकळी रुंदी १ मीटर असावी, ८०० मि.मी.च्या वळणदार जिन्यातून मोठी गादी वाकवून नेता येते, अखंड कपाट नाही. अशा घरात वरच्या खोलीसाठी सुटं होणारंच फर्निचर घ्यावं.

पाण्याचा प्रश्न दोन प्रकारचा: दाब आणि गळती. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे जवळपास १ बार (दाबाचं एकक) दाब. टाकी थेट गच्चीच्या स्लॅबवर ठेवली असेल तर वरच्या शॉवरपासून ती जेमतेम १ मीटर उंच असते, म्हणजे दाब ०.१ बार. खालच्या शॉवरला ०.४. तात्काळ गरम करणाऱ्या बऱ्याच गीझरना आणि मोठ्या शॉवरना एवढ्यावर काम करता येत नाही. उपाय क्रमाने असे: टाकी २ मीटर उंच चौथऱ्यावर चढवणं, टाकीतून उतरणारा मुख्य पाइप मोठ्या व्यासाचा घेऊन वळणं कमी करणं, आणि तरीही भागलं नाही तर प्रेशर पंप. पाणी रस्त्याच्या वाहिनीतून ३ बारने येत असेल तर वरच्या मजल्यावर ०.३ बारची घट जाणवणारही नाही. गरम पाण्याचं यंत्र खाली आणि नळ वर असेल तर मात्र थांबावं लागतं. आतून १६ मि.मी. व्यासाच्या १५ मीटर पाइपात ३ लिटर थंड पाणी असतं, ते आधी वाहून जातं.

वरचं बाथरूम खालच्या बाथरूमच्या, निदान स्वयंपाकघराच्या डोक्यावर असावं. मैलापाण्याचा पाइप सरळ खाली उतरतो, आणि गळालं तरी दिवाणखान्याच्या छतावर ओल येत नाही. छतावर डाग दिसला की लगेच फरशी उखडायला सांगू नका. पावसानंतरच डाग वाढत असेल तर छप्पर किंवा बाहेरची भिंत तपासा. बाकी वेळी सगळे नळ बंद करून तासभर पाण्याचा मीटर बघा. तो सरकला तर दाबाखालचा पाइप गळतोय. टाकीचं पाणी असेल तर भरणारा नळ बंद करून पातळीची खूण करा. मीटर स्थिर असेल तर बाथरूमच्या नहाणी ट्रॅपचं (फरशीवरचं पाणी जिथून निचरतं त्याचं) तोंड बुचाने घट्ट बंद करून फरशीवर २५ मि.मी. पाणी २४ तास साठवा. ओल वाढली तर वॉटरप्रूफिंग गेलं आहे. वाढली नाही तर बूच काढून पाणी एकदम सोडा. आता डाग ओला झाला तर दोष ट्रॅपच्या सांध्यात आहे, आणि दुरुस्ती बरीच लहान आहे.

उकाडा वरच्या मजल्यावर जास्त, यात शंका नाही. गरम हवा जिन्यातून वर चढते आणि छताचा स्लॅब दिवसभर शोषलेली उष्णता संध्याकाळनंतर खोलीत सोडतो. म्हणून नेमक्या झोपायच्या वेळी वर तापतं. आतून पंखे वाढवण्यापेक्षा छताच्या बाहेरून इलाज करावा: पांढरा परावर्तक थर, त्याखाली उष्णतारोधक. जिन्याचा उपयोगही करून घ्या. त्याच्या माथ्यावर उघडणारी झडप किंवा खिडकी ठेवली आणि रात्री खालच्या सावलीकडच्या खिडक्या उघडल्या की गरम हवा आपोआप वरून बाहेर पडते. एसी किंवा हीटर लावणाऱ्यांनी मात्र जिन्याला दार ठेवायलाच हवं. थंड हवा पायऱ्यांवरून खाली ओघळते, हिवाळ्यात ऊब वर पळते, आणि एकच थर्मोस्टॅट खाली असेल तर दोन्ही मजले कधीच सुखाचे राहत नाहीत.

आवाजाबद्दल एक गैरसमज आहे. काँक्रीटचा जाड स्लॅब बोलणं चांगलं अडवतो, पण खुर्ची ओढल्याचा, टाचांचा, पडलेल्या वस्तूचा आवाज सरळ खाली पोहोचवतो. लाकडी मजल्यावर धपधप आणखी जास्त. आघात जिथे होतो तिथेच मऊ थर हवा: जाड गालिचा, त्याखाली पॅड, खुर्च्यांच्या पायांना फेल्ट. खालून नुसतं फॉल्स सीलिंग लावून फारसा फरक पडत नाही. वॉशिंग मशीन वर ठेवायचं असेल तर बीमजवळ, भिंतीलगत, आणि जवळ पाण्याचा निचरा हवाच. कपडे वरच निघतात, वरच कपाटात जातात, म्हणून ही जागा सोयीची आहे.

वाय-फायचा सिग्नल सळयांच्या स्लॅबमधून क्षीण होतो. भिंती बंद होण्याआधी वरच्या मजल्यापर्यंत नेटवर्क केबल टाकून ठेवा. झाडू-पोछ्याचे दोन संच घ्या, रोजची ओझ्याची चढ-उतार वाचते. बाहेरचा रंग, पन्हळ, वरच्या खिडक्यांची तावदानं यांना शिडी पुरत नाही, दर खेपेला परांची लागते.

आगीच्या बाबतीत हयगय नको. जिना हा धुराचा पहिला मार्ग असतो. धुराचा अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि जिन्याच्या माथ्यावर, एक वाजला की सगळे वाजतील असे जोडलेले. झोपताना खोल्यांची दारं बंद. वरच्या प्रत्येक झोपायच्या खोलीत एक तरी खिडकी अशी हवी, जिची जाळी आतून किल्लीशिवाय उघडते आणि जिच्यातून मोठं माणूस बाहेर पडू शकतं.

खालच्या खोलीचा आग्रह केवळ म्हातारपणासाठी नाही. पाय मोडला, शस्त्रक्रिया झाली, बाळंतपण झालं की काही आठवडे जिना बंद होतो. त्या खोलीचं आणि बाथरूमचं दार ९०० मि.मी. रुंद ठेवा. नवं घर बांधत असाल तर दोन्ही मजल्यांवर एकाखाली एक येतील अशी दीड-दीड मीटरची दोन कपाटं आखून घ्या आणि त्या चौकोनाच्या चारही बाजूंना बीम द्या. पुढे लिफ्ट लागली तर मधला स्लॅब बीमला धक्का न लावता कापता येतो. विजेची स्वतंत्र लाइन तिथपर्यंत आत्ताच ओढून ठेवा.