मॅपरिड्यूस की स्पार्क: सुरुवात कशाने करावी?

प्रचंड डेटावरचं काम अनेक संगणकांत वाटून करणारी ही दोन साधनं. माझं मत स्पष्ट आहे: आधी स्पार्क.

मॅपरिड्यूस ज्याचा भाग आहे ते हडूप २००६ चं, तर स्पार्कचं काम २००९ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झालं. मॅपरिड्यूस प्रत्येक टप्प्याचा निकाल डिस्कवर लिहितं आणि पुढच्या टप्प्याला तो पुन्हा वाचतं. तोच डेटा वारंवार चाळायचा असेल तर वेळ यातच जातो. स्पार्क जमेल तेवढं मेमरीत ठेवतं.

साधी शब्दमोजणी घ्या. मॅपरिड्यूसमध्ये जाव्हात मॅपर, रिड्यूसर, ड्रायव्हर असं पन्नास-साठ ओळींचं लिहावं लागतं. पायस्पार्कमध्ये, म्हणजे पायथनमधून वापरायच्या स्पार्कमध्ये, चार-पाच ओळी पुरतात. क्लस्टरही, म्हणजे जोडलेल्या संगणकांचा समूहही, नको. लॅपटॉपवर जाव्हा असलं की पिपने (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) पायस्पार्क बसवा, मास्टर 'लोकल[*]' ठेवा, सगळे कोअर कामाला लागतात. फिल्टर लिहून काहीच हललं नाही तरी घाबरू नका. काउंटसारखा निकाल मागितल्यावरच काम सुरू होतं. तेव्हा ब्राउझरमध्ये ४०४० पोर्टवरचं स्पार्कचं पान उघडा. शफल, म्हणजे डेटाची भागाभागांत नव्याने वाटणी, कुठे होतंय ते तिथे डोळ्यांनी दिसतं, आणि खरं शिक्षण तिथूनच सुरू होतं.

मग हडूप सोडायचं? मुळीच नाही. एचडीएफएस (हडूपची फाइल साठवण) आणि यार्न (क्लस्टरची मेमरी आणि कोअर कामांना वाटून देणारा भाग) शिकाच, बऱ्याच ठिकाणी स्पार्क त्यांच्यावरच चालतं. मेमरी तुटपुंजी असेल आणि निकालाची घाई नसेल, तर मॅपरिड्यूस आजही काम चोख उरकतं.