सिंगापूर 2010 : युवा ऑलिंपिकमधील फुटबॉल

ऑगस्ट 2010 मध्ये सिंगापूरच्या जालान बेसार स्टेडियमवर झालेल्या पहिल्या युवा ऑलिंपिक फुटबॉल स्पर्धेत मुले व मुली अशा दोन्ही विभागांत प्रत्येक खंडाचा एकच, म्हणजे सहा-सहा संघ होते. त्यामुळे हैती, व्हानुआटू, झिम्बाब्वे यांसारख्या, एरवी मोठ्या स्पर्धांत क्वचितच दिसणाऱ्या देशांचे खेळाडू पाहायला मिळाले, आणि आयोजनाचे खरे यश मला तेच वाटते. मात्र तीन संघांच्या गटातून दोन संघ थेट उपांत्य फेरीत जात असल्याने साखळी सामन्यांतील चुरस कमी झाली. बोलिव्हियाने हैतीवर 5-0 असा मिळवलेला अंतिम विजय तर अगदीच एकतर्फी ठरला. त्यापेक्षा माँटेनेग्रोला 4-1 ने नमवून यजमानांनी पटकावलेले कांस्यपदक आणि चिलीच्या मुलींनी इक्वेटोरियल गिनीविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये जिंकलेले सुवर्ण अधिक रंगतदार होते.