काळ्या मातीत आठ महिने: प्राथमिक मेटल डिटेक्टरच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर, कापसाच्या पहिल्या वेचणीच्या दिवशी, आमच्या वावरात आईची गरसोळी (काळ्या मण्यांची माळ) पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, फांदीत अडकून तुटली. वेचणाऱ्या बायांनी काळे मणी एकेक करून गोळा करून दिले, पण त्यांच्यासोबत ओवलेले सोन्याचे डोरले आणि एक बारीक सोन्याचा मणी काही मिळाले नाहीत. दोन दिवस आम्ही तिथल्या चार तासांतली, म्हणजे कपाशीच्या ओळींतली, माती चाळणीने चाळली. तिसऱ्या दिवशी मी मेटल डिटेक्टरची चौकशी सुरू केली आणि पंधरवड्यात एक साधे, शिकाऊ माणसासाठी असलेले यंत्र घरी आले. किंमत अठरा हजारांच्या घरात होती. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे सांगितलेले बहुतेक अनुभव या वर्गातल्या कोणत्याही यंत्राला लागू पडतील असे मला वाटते. आमचे गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात आहे आणि जमीन सगळी काळी, कापसाची आहे. यंत्राचे मोल ठरवताना ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरली.

यंत्राची रचना सोपी आहे. एका दांड्याच्या खालच्या टोकाला सुमारे नऊ इंचांची लंबगोल कॉइल, वरच्या टोकाला पडदा आणि बटणांचा डबा, आणि डब्यात चार पेन्सिल सेल. कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. एकातून उलटसुलट वाहणारा विद्युतप्रवाह जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडतो. त्या क्षेत्रात धातू आला की धातूमध्ये भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात, आणि त्या प्रवाहांनी उमटवलेले क्षीण क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. हा प्रतिसाद किती उशिराने आला यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधते आणि पडद्यावर ० ते ९९ मधला एक आकडा दाखवते. लोखंड खालच्या बाजूला, पातळ पन्नी (चकचकीत धातूचा कागद) आणि बारीक सोने त्याच्या थोडे वर, तर तांबे आणि चांदी अगदी वरच्या बाजूला असा साधारण क्रम आहे. आकडा धातूचे नाव सांगत नाही, फक्त शक्यता सांगतो, आणि नवीन माणसाची पहिली फसगत इथेच होते.

पहिला आठवडा फार निराशेचा गेला. संवेदनशीलता पूर्ण वाढवून वावरात गेलो, तर यंत्र पावलोपावली कुरकुरत होते. आमच्या भागातली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेली आहे आणि त्या खडकातली लोहखनिजे तिच्यात उतरलेली आहेत. यंत्राला ही मातीच धातूसारखी भासते. महागड्या यंत्रांत मातीचा हा आवाज वजा करण्याची हाताने जुळवायची सोय असते, माझ्या यंत्रात ती कारखान्यातच ठरवून दिलेली आहे. उपाय एकच होता: संवेदनशीलता आठ घरांवरून पाच घरांवर आणायची, कॉइल जमिनीपासून बोटभर वर, अगदी समांतर धरायची आणि हळू फिरवायची. खोली कमी झाली, पण जे ऐकू येत होते ते खरे होते. त्यातल्या त्यात मुरमाड धुऱ्यावर (बांधावर) यंत्र बरेच शांत चालते, आणि खोल काळ्या पट्ट्यात सर्वांत अधिक कुरकुरते.

दुसरा त्रास झटका मशीनचा होता. रानडुकरे आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून पीक वाचवण्यासाठी आमच्या भागात आता बहुतेक वावरांना सौर झटका मशीनची तार आहे. ती तार साधारण सेकंदाला एक झटका सोडते, आणि प्रत्येक झटक्याला यंत्रात "टक" असा आवाज येतो. पहिले दोन दिवस मी यंत्र बिघडले असे समजून विक्रेत्याला फोन करत राहिलो. तिकडून समाधानकारक उत्तर मिळाले नाही. शेवटी शेजाऱ्यांना सांगून दिवसा मशीन बंद ठेवले तेव्हा उलगडा झाला. विजेच्या तारांखाली आणि चालू मोटारपंपाच्या पेटीजवळही असाच गोंधळ होतो. लोड शेडिंगच्या वेळेत मला सर्वांत स्वच्छ आवाज ऐकू येतो, म्हणून मी शोधाचे तास त्यानुसारच ठरवू लागलो.

उभ्या कपाशीत कॉइल फिरवता येत नाही, त्यामुळे उलंगवाडी होईपर्यंत, म्हणजे फेब्रुवारीअखेर कापसाचा हंगाम संपेपर्यंत, मी परसातच सराव केला. ही सक्तीची उसंत मला फार उपयोगी पडली. दोन, चार आणि सहा इंचांवर मी निरनिराळ्या वस्तू पुरल्या आणि प्रत्येक जागी खूण म्हणून बांबूची काडी रोवली. चांदीचे कडे चार इंचांवरून घंटेसारखे खणखणीत वाजले. सहा इंचांवर ते वाजले, पण आकडा डळमळू लागला. १९९२ पासून आलेला छोटा स्टीलचा रुपया लोखंडाच्या बाजूला झुकला, म्हणजे लोखंड गाळून टाकणाऱ्या सेटिंगमध्ये तो कदाचित ऐकूच येणार नाही. सहा इंची खिळा आडवा पुरला तर दोन टोकांना दोन आवाज येतात, हेही तिथेच कळले. या सरावाशिवाय मी सरळ वावरात गेलो असतो तर महिन्याभरात यंत्र माळ्यावर टाकून दिले असते.

जोडव्याचा अनुभव स्वतंत्रपणे सांगण्यासारखा आहे. पत्नीचे चांदीचे जोडवे आणि तेवढ्याच वजनाची चांदीची बंद अंगठी मी शेजारी शेजारी, एकाच खोलीवर पुरली. अंगठी ठळक ऐकू आली, जोडवे जेमतेम. कारण असे की जोडव्याला पायात बसवण्यासाठी फट ठेवलेली असते, त्यामुळे धातूतला भोवरा-प्रवाह पूर्ण फेरा घेऊ शकत नाही आणि प्रतिसाद दुबळा पडतो. साखळीचेही तसेच आहे. यंत्राला अख्खी साखळी दिसत नाही, तिच्या सुट्या बारीक कड्या दिसतात. आपल्याकडे बायांच्या अंगावरून वावरात हरवणाऱ्या वस्तू म्हणजे जोडवी, साखळी, फुली आणि पोकळ मणी. साध्या यंत्राला नेमक्या याच वस्तू सर्वांत कठीण जातात. माझे यंत्र साडेसहा किलोहर्ट्झवर चालते. इतकी कमी वारंवारता मोठ्या नाण्यांना चांगली, पण बारीक सोन्याला मंद असते. सोन्याच्या बारीक वस्तूंसाठीच यंत्र घ्यायचे असेल तर चौदा ते वीस किलोहर्ट्झच्या आसपासचे पाहावे, हे मला आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

मार्चमध्ये पऱ्हाटी उपटून वावर मोकळे झाले. मी सुतळी बांधून त्या चार तासांचे दोन-दोन हातांचे पट्टे पाडले आणि एकेक पट्टा उभा-आडवा फिरलो. तीन आठवडे मी नाण्यांचे सेटिंग वापरत होतो, ज्यात खालचे आकडे यंत्र गाळून टाकते, आणि तीन आठवड्यांत मला डोरले मिळाले नाही. मग सरावातली नोंदवही पुन्हा वाचताना लक्षात आले की आईचे दुसरे डोरले मी कॉइलजवळ धरून पाहिले होते तेव्हा त्याचा आकडा पन्नीच्या घरात आला होता. म्हणजे ज्या आकड्यांना मी कचरा समजून बंद केले होते, त्यांतच सोने होते. त्या दिवसापासून मी लोखंड सोडून बाकी सर्व आकडे उघडे ठेवले.

याचा अर्थ मला पन्नीही खोदावी लागली. कपाशीच्या वावरात पन्नी म्हणजे मुख्यतः फवारणीच्या औषधांच्या बाटल्यांच्या तोंडावरचे चकचकीत सील. वर्षानुवर्षे ते धुऱ्यावर फेकले जाते आणि वखरणीत वावरभर पसरते. त्याखेरीज गोळ्यांची पाकिटे आणि सोड्याच्या बाटल्यांचे बिल्ले (झाकणे). बिल्ला लोखंडी असूनही वरच्या आकड्यात वाजतो, त्यामुळे तो सर्वांत अधिक फसवतो. ही सिले मी वावरात परत टाकत नाही, पिशवीत भरून आणतो. त्यांच्यावर औषधाचा अंश असू शकतो, म्हणून हातमोजे घालतो, आणि नवीन माणसानेही घालावेत असे आवर्जून सांगतो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी सहाच्या सुमारास, चौथ्या पट्ट्यात एक लहानसा, पण दोन्ही दिशांनी सारखाच येणारा आवाज आला. आकडा पन्नीचाच होता. उन्हाळ्यात काळी जमीन उलते, त्या भेगेच्या काठाला दोन बोटे खोल डोरले होते, मातीच्या लपेटीत. ते भेगेत आणखी खाली घसरले असते तर या यंत्राच्या टप्प्यात राहिले नसते. आईने ते धुऊन देवापुढे ठेवले आणि त्या दिवशी कोणाशी फारसे बोलली नाही.

त्यानंतर यंत्राचा उपयोग मी ठरवला होता त्यापेक्षा वेगळ्या कामांना अधिक झाला. शेजाऱ्याच्या रोटाव्हेटरचे तुटलेले पाते, बैलाच्या पायातून निघालेली नाल, वखराच्या पासेचा तुकडा, या वस्तू जमिनीत राहिल्या तर ट्रॅक्टरचे टायर आणि जनावराचा खूर दोन्ही जायबंदी होतात. लोखंड ऐकण्याच्या सेटिंगवर या मोठ्या वस्तू फूट-दीड फुटापर्यंतही कळतात. एका शेतकऱ्याची मातीखाली गेलेली पाइपलाइन शोधायची होती. पाइप प्लास्टिकचा असल्याने यंत्राला दिसत नाही, पण तिच्यावरचा लोखंडी वॉल्व सापडला आणि तिथून पुढे लाइन उलगडली. बुजलेल्या बोअरच्या केसिंगचेही तसेच झाले. अशी कामे करून दिल्यावर लोकांची यंत्राकडे पाहण्याची नजर बदलली.

आमच्याच जुन्या खळ्याच्या जागेत काही नाणी मिळाली. १९४४ चा भोकाचा पैसा, कमळाचे वीस पैसे, आणि अ‍ॅल्युमिनियमची कंगोरेदार दहा पैशांची तीन नाणी. यांना बाजारात मोल नाही. परंतु भोकाचा पैसा हातात घेतल्यावर आईने त्याची हकिगत सांगितली: तिच्या लहानपणी असे पैसे करगोट्यात ओवून लेकरांच्या कमरेला बांधत. पितळी घुंगरूही एक मिळाले. ते कोणत्या पोळ्याला कोणत्या बैलाच्या गळ्यात होते हे सांगणारे आता घरात कोणी नाही.

आता गुप्तधनाविषयी, कारण यंत्र हातात दिसले की पहिला प्रश्न तोच येतो. "काही भेटलं काय, भाऊ?" असे विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या मनात हंडाच असतो. माझ्याकडे दोन जण रात्री येऊन गेले. एकाने पायाळू माणूस, म्हणजे पायाकडून जन्मलेला आणि म्हणून गुप्तधन दिसते असे मानला जाणारा, सोबत आणण्याची तयारी दाखवली. मी दोघांनाही स्पष्ट नकार दिला. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी कृत्ये करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. त्याआधीचा, १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम आजही लागू आहे: जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, आणि न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तूंच्या व्याख्येत येतात. मी यंत्र आणले त्याच आठवड्यात पोलीस पाटलांना दाखवून ठेवले, आणि दुसऱ्याच्या वावरात मालक सोबत असल्याखेरीज पाय ठेवत नाही.

कायद्याहूनही मला दुसरे कारण मोठे वाटते. वर्धा नदीच्या पलीकडच्या काठावर कौंडिण्यपूर आहे, जिथल्या उत्खननात मातीच्या थरांवरून जुन्या वस्तीचा काळ उलगडला. नागपूरजवळ जुनापाणी आणि माहूरझरी येथे लोहयुगातील शिळावर्तुळे आहेत. रामटेकजवळचे मनसर आणि नगरधन वाकाटक राजघराण्याच्या काळाशी जोडलेले आहे. अशा जागी एखादे नाणे कोणत्या थरात, कोणत्या खापरांच्या शेजारी पडले होते यातच त्याची माहिती असते. ते उपसून घरी आणले की हातात केवळ धातू उरतो. आमच्या गावालाही पांढरीचे, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचे, एक टेकाड आहे, जिथे पावसाळ्यानंतर खापरे वर येतात. तिथे मी यंत्र चालू करत नाही, आणि माझ्याकडून शिकणाऱ्या दोन मुलांनाही पहिल्या दिवशी हेच बजावले आहे. शिळावर्तुळे, गढ्या, जुन्या देवळांचा परिसर, हे सर्व वर्ज्य समजावे.

यंत्राच्या उणिवा दोन-तीन आहेत. मे महिन्यात दुपारी पडदा काळवंडतो आणि आकडे वाचता येत नाहीत. सावलीत अर्ध्या तासाने तो पूर्ववत होतो, पण आमच्याकडच्या उन्हाळ्यात ही मोठीच अडचण आहे. कॉइलवर पाणी चालते, डब्यावर चालत नाही, म्हणून पावसात प्लास्टिकची पिशवी बांधावी लागते. दांड्याला कॉइल धरून ठेवणारा स्क्रू सतत ढिला होतो आणि तारेचा एखादा वेढा सुटला की खोटे आवाज सुरू होतात. सायकलच्या ट्यूबचे दोन चकत्यांएवढे तुकडे आत घातल्यावर हा त्रास थांबला. सेल मात्र पुरतात: रोज तासभर वापरल्यास तीन आठवडे. हेडफोन वेगळा घ्यावा, कारण वाऱ्यात बारीक आवाज हरवतात. वस्तूची नेमकी जागा दाखवणारा, हाताने धरायचा छोटा पिनपॉइंटर मी चार महिने उशिरा घेतला. काळे ढेकूळ फोडून त्यात मणी कुठे आहे हे शोधायला त्याच्याइतके उपयोगी काही नाही. खोदायला खुरपे पुरे, सब्बल नेऊ नये. माती एका बाजूला कागदावर काढावी आणि खड्डा बुजवून पायाने दाबावा.

मोबाईलमधल्या "गोल्ड स्कॅनर" अ‍ॅपविषयीही विचारणा होते. फोनमध्ये चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर असतो, तो लोखंडाला प्रतिसाद देतो. सोने, चांदी, तांबे यांना चुंबक ओढत नाही, त्यामुळे ती अ‍ॅप त्यांना ओळखू शकत नाहीत. मैलभरावरून सोने दाखवतो असे सांगून विकल्या जाणाऱ्या अँटेनाच्या काड्यांपासूनही दूर राहावे. खऱ्या यंत्राचा नाण्याएवढ्या वस्तूवरचा टप्पा काळ्या मातीत चार-पाच इंचांचा आहे, आणि ज्याला तो पुरेसा वाटत नाही त्याने पैसे खर्च करू नयेत.

सध्या आषाढ लागला आहे, वावरात कपाशी आणि तुरीचे मोड वर आले आहेत, आणि ओल्या काळ्या मातीत कॉइल फिरवली की बुडाला चिखलाची थर चढते. सेल काढून, तार सैल करून यंत्र मी कापडात गुंडाळून ठेवले आहे. आईच्या गरसोळीतला एक बारीक सोन्याचा मणी अजून त्याच चार तासांत आहे. तो या यंत्राला ऐकू येईल की नाही हे मी परसात तसाच दुसरा मणी पुरून पाहिले: एक इंचावर येतो, दोनवर नाही. यंदाची पऱ्हाटी उपटल्यावर पहिल्या वखरणीनंतर मी पुन्हा सुतळी बांधणार आहे.