डीव्हीडीस्टायलर: डिस्क उत्तम बनते, आवाज मात्र आधी दुरुस्त करून द्यावा लागतो

लग्नाचं शूटिंग पेनड्राइव्हवर मिळायला लागून बरीच वर्षं झाली, तरी "गावाकडे आत्याकडे अजून प्लेअरच आहे, एक सीडी करून दे" ही मागणी थांबलेली नाही. शाळेचं स्नेहसंमेलन, सप्ताहातलं कीर्तन, जुन्या कॅसेटवरचं बारसं, हे सगळं आजही डिस्कवर मागितलं जातं. एमपी४ फाइल तशीच डिस्कवर कॉपी केली तर जुना प्लेअर ती ओळखत नाही. त्याला डीव्हीडी-व्हिडिओच्या साच्यातलीच डिस्क लागते: एमपेग-२ चित्र, ४८ किलोहर्ट्झचा आवाज आणि व्हिडिओ_टीएस फोल्डरमध्ये आयएफओ, बीयूपी, व्हीओबी फाइली.

हे काम फुकटात करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये माझी पहिली पसंती डीव्हीडीस्टायलरला. ते मुक्त-स्रोत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. आतून रूपांतर एफएफएमपेग करतं आणि डिस्कची रचना डीव्हीडीऑथर बांधतं, त्यामुळे एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमटीएस असं काहीही खाली ओढून टाकलं तरी ते घेतं. मेनू बनवायची सोय या किमतीत, म्हणजे शून्य रुपयांत, दुसरीकडे इतकी चांगली मिळत नाही. पण आवाजाच्या बाबतीत ते मिळेल तसंच पुढे ढकलतं. ओठ आणि आवाज जुळत नसलेली फाइल दिली, तर डिस्कवरही ते जुळणार नाहीत.

नवा प्रोजेक्ट उघडताना येणारी पहिली खिडकी घाईत ओके करू नका, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. डिस्कचं नाव रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता लिहा. क्षमता ४.७ जीबी. मग येतो पाल की एनटीएससी (टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती) हा प्रश्न. भारतात पाल, म्हणून डोळे झाकून पाल निवडायची सवय असते. कॅमेरा २५ किंवा ५० फ्रेमवर लावलेला असेल तर ते बरोबरच आहे. पण फोन बहुधा ३० फ्रेमवर चित्रण करतात. तिसाचे पंचवीस करायचे म्हणजे सेकंदाला पाच फ्रेम टाकून द्यायच्या, आणि मग वरातीतली माणसं चालताना अडखळल्यासारखी दिसतात. सगळं चित्रण फोनचंच असेल तर एनटीएससी निवडा: ७२० बाय ४८०, २९.९७ फ्रेम. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर आणि टीव्ही दोन्ही पद्धती चालवतात. पालच्या ५७६ ओळींपुढे बारकावा थोडा कमी होतो, पण धक्के खाणाऱ्या चित्रापेक्षा ते केव्हाही परवडतं.

आवाजाचा प्रकार म्हणून एसी३ ४८ किलोहर्ट्झ निवडा. एनटीएससी डिस्कवर एसी३ किंवा पीसीएम असणं सक्तीचं आहे, नुसत्या एमपी२ वर भागत नाही. पालमध्ये एमपी२ चालतो, पण एसी३ ठेवला तर दोन्हीकडे निर्धास्त राहता येतं. स्टिरिओला १९२ किंवा २२४ केबीपीएस पुरे.

चित्राचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारा डेटा, आपोआप ठरतो, तरी हिशेब हाताने करून पाहावा. ४.७ जीबी हा आकडा अब्ज बाइटच्या मापाने असतो. विंडोज तीच डिस्क ४.३८ जीबी दाखवतं. किलोबिटमध्ये सांगायचं तर साधारण ३ कोटी ७६ लाख. याला एकूण सेकंदांनी भागा. दोन तासांचे ७,२०० सेकंद, म्हणजे ५,२२० च्या आसपास. त्यातून आवाज आणि रचनेचा खर्च वजा केला की चित्राला ४,८०० केबीपीएस उरतात, आणि ते पुरेसे आहेत. एका तासाच्या चित्रणाला हाच हिशेब दहा हजारांवर जातो, पण साच्याची कमाल मर्यादा ९,८०० आहे आणि घरी राइट केलेल्या डिस्कवर तिथवरही जाऊ नये. जुन्या प्लेअरची लेन्स तेवढ्या वेगाने वाचू शकली नाही की चित्र थबकतं. ८,००० वर थांबा. तीन तास एका डिस्कवर कोंबले तर ३,१०० च्या आसपास उरतात आणि हळदीच्या नाचात चौकोनी ठिपके पडतात. त्यापेक्षा दोन डिस्क करा.

आता आवाज. तक्रार नेहमी एकच असते, "आवाज मागेपुढे होतोय", पण त्यामागची कारणं वेगळी असतात आणि उपायही. म्हणून आधी मोजा. फाइल व्हीएलसीत उघडा आणि सुरुवातीचा एखादा असा क्षण शोधा जिथे आघात दिसतो आणि ऐकूही येतो: ढोलावर टिपरू पडतं तो, किंवा शेवटच्या मंगलाष्टकानंतर वाजणाऱ्या टाळ्या. के हे अक्षर दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद मागे सरकतो, जे दाबलं की पुढे येतो. टिपरू आणि आवाज एकत्र येईपर्यंत दाबत राहा आणि पडद्यावरचा आकडा लिहून ठेवा. मग फाइलच्या शेवटाकडे जाऊन हेच पुन्हा करा.

दोन्ही आकडे सारखे आले, तर आवाज फक्त सरकलेला आहे. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो आवाज उघडा (एमपी४ उघडण्यासाठी ऑडॅसिटीला एफएफएमपेगची लायब्ररी जोडावी लागते). आकडा अधिक ४०० असेल तर सुरुवातीला ०.४ सेकंदाची शांतता घाला. वजा ४०० असेल तर सुरुवातीचे ०.४ सेकंद कापा. ४८,००० हर्ट्झवर डब्ल्यूएव्ही काढा. मग एमकेव्हीटूलनिक्समध्ये मूळ व्हिडिओ आणि नवा डब्ल्यूएव्ही दोन्ही टाका, जुन्या आवाजाच्या ट्रॅकसमोरची खूण काढा आणि जोडून घ्या. चित्र पुन्हा एन्कोड होत नाही, त्यामुळे कामही झटपट होतं आणि दर्जाही जात नाही. त्याच सॉफ्टवेअरमध्ये डिलेचा एक रकाना आहे आणि तो भरून मोकळं व्हायचा मोह होतो. पण तो फक्त वेळेची खूण बदलतो, आणि पुढच्या रूपांतरात ती खूण पाळली जाईलच असं नाही. खुद्द आवाजच सरकवला की ती शंकाच उरत नाही.

शेवटचा आकडा सुरुवातीपेक्षा वेगळा आला, तर आवाज हळूहळू घसरतोय. फोनच्या चित्रणात याचं कारण बहुतेक वेळा बदलता फ्रेमरेट असतं. मांडवातल्या उजेडात फोन ३० फ्रेम घेतो, रात्री वरातीत अंधार पडला की खाली येतो. रूपांतर करणारं सॉफ्टवेअर ठरावीक वेग धरून चाललं की अंतर वाढत जातं. अशी फाइल आधी हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून काढा. व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट २९.९७ (पाल असेल तर २५), त्याखाली 'पीक' सोडून 'कॉन्स्टंट', दर्जा आरएफ १८ च्या आसपास, आणि आवाजाचा सॅम्पलरेट ४८. ही मधली फाइल मोठी होते, होऊ द्या. इथे दाबून लहान केली तर एमपेग-२ मध्ये जाताना चित्र दुसऱ्यांदा मार खातं. फोनवरच्या फायलींच्या निम्म्याहून जास्त तक्रारी एवढ्यावर मिटतात.

कीर्तनाला किंवा भाषणाला वेगळा रेकॉर्डर लावला असेल तर घसरण दोन घड्याळांतल्या फरकाची असते. समजा, कॅमेऱ्याच्या एका तासात रेकॉर्डर ३,६००.३६ सेकंद मोजतो. पालच्या हिशेबात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे तासाअखेर नऊ फ्रेमचा फरक, आणि तो डोळ्याला खुपतो. ऑडॅसिटीत आधी सुरुवात जुळवा, मग 'चेंज टेम्पो' उघडा. तिथे लांबी सेकंदांत लिहिता येते: ३६००.३६ चे ३६००.००. सूर बदलत नाही.

आवाज चिरका, घाईघाईचा वाटत असेल आणि तासाचं भाषण पंचावन्न मिनिटांत संपत असेल, तर दोष नक्की कळलाच म्हणून समजा. ४४.१ किलोहर्ट्झचा आवाज ४८ चा समजून वाजवला जातोय. वेग जवळजवळ नऊ टक्क्यांनी वाढतो, सूर दीड अर्धस्वराच्या जवळपास चढतो. ऑडॅसिटीत ट्रॅकचा रेट ४४,१०० असा दुरुस्त करून मगच ४८,००० वर निर्यात करा. जुन्या मिनीडीव्ही कॅसेटवर तर ३२ किलोहर्ट्झचा, १२ बिटचा आवाज सर्रास असतो. कॅप्चर केल्यावर तो आकडा एकदा तपासाच.

डिस्कवर काही भागांना आवाज आहे आणि काही भाग मुके आहेत, ही तक्रार खास डीव्हीडीची. एका टायटलसेटमधल्या, म्हणजे एका गटातल्या, सगळ्या टायटलांचा (भागांचा) आवाज एकाच प्रकारचा असावा लागतो आणि ट्रॅकची संख्याही सारखी असावी लागते. जुन्या डीव्हीडीवरून घेतलेली व्हीओबी फाइल टाकली की डीव्हीडीस्टायलर तिचा आवाज 'कॉपी' असा तसाच ठेवू शकतं. ती एमपी२ असली आणि बाकीचे भाग एसी३ झाले, की प्लेअर गोंधळतो. टायटलवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा आणि 'कॉपी'च्या जागी एसी३ निवडा. ४:३ आणि १६:९ चित्रं एकत्र असतील तर मात्र स्वतंत्र टायटलसेटच करावा लागतो. मिनीडीव्ही किंवा व्हीएचएसचं चित्र इंटरलेस असतं, म्हणजे प्रत्येक फ्रेम दोन फील्डमध्ये विभागलेली असते, त्याच्या फील्डचा क्रमही इथेच बघून घ्या. तो उलटा झाला की प्रत्येक हालचाल थरथरते.

यापेक्षा फसवा एक दोष आहे. हॉलच्या मिक्सरवरून वायर घेऊन थेट कॅमेऱ्याच्या स्टिरिओ माइकच्या भोकात घातलेली असते. मिक्सरचं आउटपुट बॅलन्स्ड असेल तर डाव्या चॅनेलला सरळ लहर जाते आणि उजव्याला तीच उलटी. हेडफोनवर आवाज विचित्र, डोक्याच्या मागून आल्यासारखा ऐकू येतो. एकाच स्पीकरच्या टीव्हीवर दोन्ही चॅनेल एकत्र मिसळतात आणि एकमेकांना खोडतात. भटजींचे ओठ हलताना दिसतात, मंत्र ऐकू येत नाहीत. उपाय अर्ध्या मिनिटाचा: ऑडॅसिटीत स्टिरिओ ट्रॅक फोडा, एका चॅनेलवर 'इन्व्हर्ट' चालवा, पुन्हा जोडा. कॉलर माइकचा आवाज फक्त डावीकडे असेल तर रिकामा चॅनेल काढून उरलेला मोनो करा, म्हणजे तो दोन्ही बाजूंनी वाजतो.

५.१ (सहा चॅनेलचा) आवाज असलेली फाइल साध्या टीव्हीवर लावली की संगीत दणकतं आणि बोलणं पुसट होतं, कारण संवाद मधल्या चॅनेलवर असतात. हँडब्रेकमध्ये मिक्सडाउन 'स्टिरिओ' करून घ्या. विजेची घरघर असेल तर 'नॉच फिल्टर' ५० हर्ट्झवर लावा, मग १०० आणि १५० वर. क्यूचा आकडा वाढवून पट्टा अरुंद ठेवा, नाहीतर पखवाजाचा घुमारही जातो. खरखर काढताना 'नॉइज रिडक्शन' ६ ते १२ डेसिबलच्या पुढे नेऊ नका. त्यापुढे माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. फाटलेला आवाज, म्हणजे डीजेसमोर माइक ओव्हरलोड झालेला, कशानेच पूर्ण सुधारत नाही. सगळे भाग शेवटी 'लाउडनेस नॉर्मलायझेशन'ने उणे २० एलयूएफएसच्या (आवाजाच्या मोठेपणाचं माप) आसपास आणा, म्हणजे हळदीहून मंगलाष्टकांवर जाताना रिमोट हातात घ्यावा लागत नाही.

डीव्हीडीस्टायलरच्या उणिवांपैकी पहिली म्हणजे चूक झाली की ते लॉगच्या लांबलचक ओळी दाखवून थांबतं. त्यामागे साधारण दोनच कारणं असतात: तात्पुरत्या फोल्डरच्या ड्राइव्हवर जागा नसणं (१२ जीबी मोकळी ठेवा), किंवा फाइलच्या नावात देवनागरी अक्षरं आणि चिन्हं असणं. मेनूतलं मराठी नाव चित्र बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून पार्श्वभूमी म्हणून आणा, आणि ते कडेपासून आत ठेवा. जुने टीव्ही कडा खातात. पर्यायांमध्ये डीव्हीडी फ्लिक आणखी सोपं आहे, पण ते फक्त विंडोजपुरतं आणि बऱ्याच वर्षांत सुधारलेलं नाही. पैसे मोजायची तयारी असेल तर कन्व्हर्टएक्सटूडीव्हीडी बघा.

शेवटच्या खिडकीत 'बर्न' न निवडता आयएसओ फाइल, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, बनवा. ती व्हीएलसीत उघडून मेनूचं प्रत्येक बटण दाबून बघा आणि टिपऱ्याचा तोच क्षण सुरुवातीला आणि शेवटी पुन्हा तपासा. सगळं जुळलं की इमेजबर्नने ४एक्स ते ८एक्स वेगाने राइट करा, 'व्हेरिफाय'ची खूण ठेवून. जुन्या प्लेअरला डीव्हीडी प्लसपेक्षा डीव्हीडी-आर जास्त मानवते. डिस्क बनवणारी मोझर बेअर कंपनी २०१८ साली अवसायनात निघाल्यापासून बाजारात सुट्या मिळणाऱ्या डिस्कचा दर्जा एकसारखा राहिलेला नाही, तेव्हा पन्नासांचा गठ्ठा घेण्याआधी दोन डिस्क राइट करून पाहा. आणि डिस्क काठोकाठ भरू नका. बाहेरची कड सगळ्यात आधी खराब होते आणि लग्नाच्या डिस्कवर नेमकी पाठवणी तिथेच असते, ४.२ जीबीला थांबलात तर ती शाबूत राहते.