इथेनॉल घरचं की आयातीचं?

मुंबईतल्या पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. हे इथेनॉल, म्हणजे ऊस किंवा धान्यापासून काढलेला अल्कोहोल, देशातलंच लागतं. उद्योगांसाठी अमेरिकेतून इथेनॉल येतं, पण इंधनात मिसळायला आयात बंद आहे. ती खुली करा, असा अमेरिकेचा आग्रह आहे. जैवइंधनाची आयात-निर्यात खुली करावी का, यावर पर्यावरणाच्या अंगाने मत बनवायचं तर सुरुवात पाण्यापासून करावी लागते.

नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात उसाच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी धरलं आहे. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं. त्याच मराठवाड्यात साखर कारखाने आहेत आणि उसाला पाटाचं, बोअरचं पाणी जातं. मळीपासून इथेनॉल काढताना दर लिटरमागे आठ-दहा लिटर तरी काळपट तांबडं सांडपाणी (स्पेंटवॉश) निघतं. ते ओढ्यात सुटलं की मासे मरतात, विहिरी नासतात.

ब्राझीलचा ऊस बहुतांशी पावसावर येतो, त्यामुळे पाण्याच्या हिशेबात आयात सरस ठरते. जहाजाचा धूर शेतीतल्या उत्सर्जनापुढे किरकोळच. खरी अडचण जमिनीची आहे. २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, ब्राझीलमधलं सेराडोचं माळरान मोडून ऊस लावला तर तेव्हा सुटलेला कार्बन इथेनॉलने भरून निघायला १७ वर्षं लागतात. इंडोनेशियात दलदलीचं जंगल तोडून पामतेलाचं बायोडिझेल (डिझेलऐवजी चालणारं इंधन) केलं, तर ४२३ वर्षं! त्यामुळे ‘जैवइंधनाचा मुक्त व्यापार’ असा सरसकट कौल देता येत नाही. शिवाय आग्रह धरणाऱ्या अमेरिकेचं इथेनॉल मक्याचं आहे. तिथल्या मक्याच्या पट्ट्यातलं खत मिसिसिपीतून वाहत मेक्सिकोच्या आखातात जातं आणि दर उन्हाळ्यात तिथल्या मोठ्या पट्ट्यात तळाच्या पाण्यातला प्राणवायू जवळजवळ संपतो.

आयातीने मराठवाड्याचं पाणी वाचेल, असं मात्र गृहीत धरू नका. उसाला एफआरपीचा, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान, हमखास दर आहे, तूर-ज्वारीला तशी हमी नाही. शेतकरी ऊस का सोडेल? इथेनॉल नाही तर साखर होईल, पाणी तेवढंच जाईल.

निर्यातीचा प्रश्न मुंबईत वडापावच्या गाडीवर दिसतो. कढईतलं तेल काळं पडून फेसाळतं. तेल पुन्हापुन्हा तापवल्याने वाढणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते खाण्यासाठी वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०१८पासूनचा नियम आहे. अशा तेलापासूनही बायोडिझेल होतं, त्यामुळे ते परदेशात विकलं तर त्याला भाव येईल. ते पुन्हा तळणात किंवा गटारात जाणार नाही, हा मोठाच फायदा. पण युरोपात अशा तेलाचं इंधन अक्षय ऊर्जेच्या उद्दिष्टात दुप्पट मोजलं जातं, म्हणून ताजं पामतेल ‘वापरलेलं’ म्हणून खपवायचा मोह होतो. वर इथले ट्रक खनिज डिझेलवरच धावत राहतील.

माझं मत विचाराल तर, जुन्या शेतजमिनीवरच्या, पावसावर वाढलेल्या उसाच्या इथेनॉलला दार उघडावं, पामच्या बायोडिझेलला नाही. आणि वडापावच्या गाड्यांवरचं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल आधी इथल्याच ट्रकमध्ये जाळावं.