जागेचा इसार: नोटरी की रजिस्टर?

बेळगावच्या अनगोळ, वडगावपासून खानापूर, निपाणीपर्यंत प्लॉटचा सौदा ठरला की बहुतेक जण बाँडवर इसारपत्र लिहून नोटरीचा शिक्का घेतात. तासाभरात काम होतं, खर्चही किरकोळ. पण नोटरी फक्त सही खरी असल्याचं सांगतो. जागा विकणाऱ्याचीच आहे का, हे तो तपासत नाही. शिवाय हा कागद सब-रजिस्ट्रारच्या दप्तरी नसतो, त्यामुळे ईसीत, म्हणजे जागेवरचे नोंदलेले व्यवहार आणि बोजे दाखवणाऱ्या दाखल्यात, येत नाही. मालकाने तीच जागा दुसऱ्याला दाखवली, तर त्याला तुमच्या पैशांचा पत्ता लागणार कसा? पुढे कोर्टात जाता येतं, पण तोवर तिसऱ्याच्या नावे खरेदीखत झालेलं असतं.

रजिस्टर साठेखताला, म्हणजे सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेल्या विक्रीच्या कराराला, मुद्रांक आणि फी जास्त, कर्नाटक सरकारच्या कावेरी या नोंदणी पोर्टलवर अर्ज, दोघांनी ऑफिसात हजर राहणं, अंगठा, फोटो. त्रास आहे. मात्र व्यवहार ईसीत उमटतो आणि नंतरचा गिऱ्हाईक सावध होतो. मालकी मात्र यानेही मिळत नाही, ती खरेदीखतानेच. नुसत्या वटमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) जागा विकत घेता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये स्पष्ट केलंय.

रक्कम लाखांत असेल तर मी रजिस्टरच करा म्हणेन. आधी ईसी आणि उतारा काढा. कागद कन्नडमध्ये असेल तर सही करण्यापूर्वी आपल्या वकिलाकडून ओळ न् ओळ मराठीत समजून घ्या. सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा तर बोट ठेवून.