काळं मार्ले (भाड्यानं) : सेट नसलेल्या नाटकासाठी

नाचाच्या कार्यक्रमांत स्टेजवर अंथरतात ते काळं व्हिनाइल. साधारण दोन मिलिमीटर जाड, लांब पट्ट्यांच्या गुंडाळ्या येतात. कॉलेजच्या मुलांच्या शारीर नाटकासाठी आम्ही ते भाड्यानं आणलं. मुलांचं लाइटचं काम मी बघतो, तेव्हा हे मत लाइटवाल्याचं आहे असं धरून वाचा.

नाटक ऊसतोडीवर. संवाद जवळपास नाहीत. पोरं-पोरी वाकतात, तोडतात, मोळी बांधतात, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात. दिग्दर्शिकेला सुरुवातीला मागे रंगवलेला उसाचा फड, हातात कोयते आणि स्टेजभर पाचट हवं होतं. तालमीत एकेक करत सगळं गळलं. कोयता काढून घेतल्यावर मनगटं नीट वळायला लागली. तोवर सगळे नुसती लाकडी पट्टी हलवत होते. पाचट मार्लेवर घसरतं, ओरखडेही काढतं, म्हणून तेही गेलं. त्याची सळसळ आता दोघं जण अंगातल्या कपड्यावर तळवे घासून काढतात, आणि ती शेवटच्या रांगेत ऐकू येते. फडाचं तर विचारूच नका. भरत नाट्य मंदिरात १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’नं माणसांचीच भिंत उभी केली, त्यानंतरही पुण्यातल्या पोरांना फ्लॅट, म्हणजे मागे उभ्या करायच्या रंगवलेल्या चौकटी, कशाला लागतात, मला कळत नाही.

मग उरली फक्त जमीन. फ्लॅट आणि कटआउटचे वाचलेले पैसे तिथे घातले, ते वसूल झाले. स्टेजच्या जुन्या फळ्या, खिळे, आधीच्या नाटकांचे टेपचे तुकडे सगळं झाकलं गेलं. अनवाणी पाय अडकत नाही, फिरकी घेताना कातडी सोलत नाही.

लाइटचं मात्र सांभाळा. दुकानदार ‘मॅट आहे, चमकत नाही’ म्हणाला, पण समोरून आणि वरून लाइट टाकल्यावर जमिनीवर पांढरट डाग उठले. म्हणून वरचे बहुतेक बंद केले आणि दोन्ही विंगांत स्टँड लावले, एक घोट्याच्या उंचीवर, एक छातीच्या. आता जमीन काळीच राहते आणि वाकलेल्या पाठीचा मणका न् मणका दिसतो. अशा नाटकात सगळ्यांना काळे टीशर्ट-पँट घालायची जी पद्धत पडली आहे, ती इथे घातक आहे: काळ्यावर काळं, नुसती तोंडं तरंगतात. आम्ही मांजरपाटाचे न रंगवलेले कपडे शिवले.

आता तक्रारी. मार्ले म्हणजे गादी नव्हे. खाली लाकडी फळ्या असतील तर ठीक. कॉलेजच्या सिमेंटच्या हॉलमध्ये अंथरून उड्या मारल्या तर गुडघे जातील ते जातीलच, शिवाय पाय आपटल्याचा आवाजही मेल्यासारखा येतो. आमच्या गुंडाळ्या गोदामात कशाच्या तरी खाली दाबून ठेवलेल्या असाव्यात, दोन पट्ट्यांना घड्या पडल्या होत्या. आदल्या रात्री अंथरल्या तेव्हा सकाळपर्यंत त्यातली एक बसली, दुसरीची कड शेवटपर्यंत उठलेली. तिथे वजनाचं काम ठेवलंच नाही, मोळीची रांग हातभर पुढे घेतली. टेप भाड्यात धरलेला नव्हता आणि हे सामान उतरवल्यावर कळलं.

प्रेक्षक सपाट जमिनीवर खुर्च्या टाकून बसणार असतील तर हा खर्च दिसण्यासाठी करू नका, मागच्यांना जमीन दिसतच नाही. उतरती बैठक किंवा बाल्कनी असेल तर जरूर घ्या. घेताना गुंडाळी दुकानातच उलगडून बघा. काळा रुंद टेप स्वतःचा न्या. जागांच्या खुणा खडूनं टिकत नाहीत, रेडियम टेपचे बारके तुकडे लावा. प्रयोगाआधी ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळू द्या, आणि मेकअपवाल्यांना तेलाच्या बाटलीसकट आतच थांबवा.

मार्लेला पाचपैकी चार, दुकानदाराला दोन.